लोखंडाला रस्ता लागत नाही

अडतीस मिनिटांचा व्हिडिओ होता आणि अकराव्या मिनिटाला अण्णांचा डोळा लागला. मी समोरच बसले होते, त्यामुळे आकडा पक्का आहे. व्हिडिओ माझाच, पहिलावहिला. 'ब्रास : बर्मिंगहॅम' या बोर्ड गेमचे नियम मराठीत समजावून सांगणारा, दीड महिना राबून केलेला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झोपले ना? मी तर आवाजावरूनच ओळखलं होतं. कोर्टाची नोटीस वाचल्यासारखं बोलतेस तू."

मागचं थोडं सांगते. पुण्यात सात वर्षं नोकरी केली. तिथे रूममेटच्या ऑफिसातल्या टोळक्याने एका शनिवारी 'कटान' शिकवला. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने १९९५ साली काढलेला गेम. षटकोनी टाइल्सचं बेट, प्रत्येक टाइलवर आकडा, दोन फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्याच्या टाइलला लागून ज्याची वस्ती त्याला लाकूड, विटा, लोकर, गहू नाहीतर खनिजाचं पान. सात पडला की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पानं असतील त्याची निम्मी गेली. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांमध्ये सात सहा वेळा येतो, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा, हे मला हिशेबाने नंतर कळलं. त्या रात्री फक्त पोटात गोळा येत होता. मला थेट आमची आखाजी आठवली.

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तिला दिवाळीचा मान. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात, आणि गडीमाणसं पत्ते कुटत बसतात. एरवी पत्त्यांना हात न लावणारा माणूसही आखाजीला एखादा डाव टाकतोच. म्हणजे टेबलाभोवती बसून एकमेकांचे चेहरे वाचणं आमच्या रक्तात आहे. नियमांचं जाड पुस्तक वाचणं मात्र नाही.

२०२० मध्ये भुसावळला परत आले ती कायमचीच. घरून हिशेबाची कामं करते. सोबत चार खोकी आणली होती आणि खेळायला एकही माणूस नव्हता. भाऊ म्हणायचा, "शिकायलाच दोन तास? तेवढ्यात पिक्चर होतो." तेव्हा ठरवलं की मराठीत व्हिडिओ करायचे. लोकांना घरी बघायला सांगायचं आणि तयार होऊन आले की थेट डाव मांडायचा. समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती, मला भिडू हवे होते.

सुरुवात 'ब्रास'पासून करणं हा शुद्ध आगाऊपणा होता. बोर्डगेमगीक या साइटवर प्रत्येक गेमला अवघडपणाचा आकडा असतो, एक ते पाच. कटान सव्वादोनच्या आसपास, ब्रास चारच्या जवळ. २०२३ मध्ये ब्रास त्याच साइटच्या सर्वोत्तम गेमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि मी मोहात पडले. मार्टिन वॉलेस यांचा मूळ 'ब्रास' २००७ चा, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांवरचा. हा बर्मिंगहॅमचा अवतार २०१८ चा. काळ १७७० ते १८७०. अर्ध्या खेळात कालवे खणायचे, मग ते सगळे पटावरून उचलायचे आणि उरलेल्या अर्ध्यात रेल्वे टाकायची. खाणी, लोखंडाचे कारखाने, कापडगिरण्या, कुंभारकाम, बिअरच्या भट्ट्या. पैसा सुरुवातीला फक्त सतरा पौंड.

माझे वडील रेल्वेत होते. आधी क्लीनर, मग वाफेच्या इंजिनावर फायरमन, शेवटी मालगाडीचे ड्रायव्हर. मूळचे पारोळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलतात. कोळसा आणि रेल्वेचा गेम म्हटल्यावर अण्णांना बसवणं सोपं जाईल असा माझा अंदाज. तो अकराव्या मिनिटाला कोसळला.

झोपेतून उठल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी अजून जपून ठेवलंय. रेल्वेत नियमांचं पुस्तक असतं, जनरल अँड सब्सिडिअरी रूल्स. जाडजूड, त्याच्या परीक्षा होतात. "पन ते पाठ शे म्हनून कोनी गाडी चालवाले देत नही," अण्णा म्हणाले. नव्या सेक्शनवर गाडी न्यायची तर आधी लर्निंग रोड करावा लागतो. त्या मार्गावर जाणत्या ड्रायव्हरशेजारी उभं राहून जायचं, दिवसा आणि रात्रीही. कुठे चढ आहे, कुठला सिग्नल वळणामागे लपतो, कुठे आधीपासून ब्रेक धरायचा, हे डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर सही, त्यानंतर गाडी हातात. "तू माले पुस्तक वाची दाखाडं. गाडी कोठे शे?"

माझ्या व्हिडिओत खरंच गाडी नव्हती. पहिली सहा मिनिटं मी खोक्यात काय काय आहे ते मोजून दाखवलं होतं. पुढे गेममधल्या सहाही चाली, एकामागून एक, प्रत्येकीच्या अपवादांसकट. जिंकायचं कसं हे एकोणतिसाव्या मिनिटाला. तोपर्यंत बघणाऱ्याला कळतच नाही की हे सगळं लक्षात कशासाठी ठेवायचं.

मग उलटं केलं. पहिल्या मिनिटात तू कोण, काय मिळवायचंय, खेळ कधी संपतो. दुसऱ्या मिनिटाला पट मांडलेला आणि पहिली पाळी सुरू. या गेमने इथे मदतच केली, कारण पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकच चाल असते, नंतर दोन-दोन. म्हणजे गेमने स्वतःच लर्निंग रोड दिलाय. मी पटावरच्या डडली गावात पाच पौंडांत कोळशाची खाण बांधली, तिच्यावर दोन काळे ठोकळे ठेवले, आणि तेवढ्यापुरताच कोळशाचा नियम सांगितला. कर्जाचा नियम पैसे संपल्यावर. बिअरचा नियम माल विकायची वेळ आल्यावर. अपवाद ज्या वळणावर येतो त्याच वळणावर. अडतीस मिनिटांची चौदा झाली.

हे लिहिताना चार ओळींत झालं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दिवस खाल्ले शब्दांनी.

पत्त्यांचे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि ते मी मुक्त हस्ताने वापरले. शफल नाही, पिसणे. डिस्कार्ड नाही, पान टाकणे. राउंड म्हणजे फेरी, टर्न म्हणजे पाळी. ब्रासमध्ये प्रत्येक चालीला हातातलं एक पान टाकावं लागतं. "एक चाल, एक पान" एवढं म्हटलं की रमी खेळलेली कुठलीही मावशी पुढे चालू लागते. प्रश्न आला दोन इंग्रजी शब्दांचा, नेटवर्क आणि कनेक्टेड. नियमपुस्तकात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत दोन्हीला आपण पटकन 'जोडलेलं' म्हणून मोकळे होतो. नेटवर्क म्हणजे फक्त माझं: जिथे माझा कारखाना आहे, किंवा माझ्या कालव्याचं टोक जिथे लागतं, तेवढी गावं. कनेक्टेड म्हणजे या गावापासून त्या गावापर्यंत पटावर सलग वाट आहे, ती कोणाच्याही कालव्यांनी झालेली चालते.

मी आधी नेटवर्कला 'जाळं' म्हटलं. तेरा वर्षांचा भाचा म्हणाला, "आत्या, जाळं म्हटलं की तापीत मासे धरताहेत असं वाटतं." अण्णांनी सहज सुचवलं, "लाइन म्हन ना. आपली लाइन." झालं. नेटवर्क म्हणजे आपली लाइन, कनेक्टेड म्हणजे रस्ता आहे. कारखान्याचं पान खेळून बांधायचं तर ते गाव आपल्या लाइनवर हवं. कोळसा आणायचा तर रस्ता हवा, मग तो कोणाचाही असो. जवळची खाण दुसऱ्याची असेल तर तिचाच कोळसा घ्यायचा, तोही फुकट. या शेवटच्या नियमावर अण्णांना जी गंमत वाटली ती बघण्यासारखी होती. दुसऱ्याच्या खाणीतून फुकट उचलायचं आणि त्यात त्याचाच फायदा, कारण खाण रिकामी झाली की तिची टाइल उलटते आणि मालकाचं उत्पन्न वाढतं. "मंग तं चोरी करनाराले चहा पाजना पडी," म्हणाले.

चित्रीकरणाचं पुराण थोडक्यात उरकते, पण ज्याला करायचंय त्याच्या उपयोगाचं आहे. पट वरून दिसला पाहिजे, म्हणून दोन कपाटांवर शिडी आडवी ठेवून तिला फोन बांधला. शिडी टेबलाला टेकता कामा नये, नाहीतर प्रत्येक ठोकळा ठेवताना भूकंप होतो. ट्यूबलाइटखाली व्हिडिओत काळे पट्टे वरखाली सरकायचे. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर बांधून ठेवायचं, पट्टे जातात. हे मला आठ दिवसांनी कळलं आणि त्या आठ दिवसांत मी ट्यूब बदलली, स्टार्टर बदलला आणि वायरमनशी भांडले. ब्रासचा पट दोन बाजूंचा आहे, एकीकडे दिवस, दुसरीकडे रात्र. रात्रीची बाजू देखणी, पण फोनला ती निव्वळ काळोख दिसते. दिवसच वापरायचा.

आवाजाची लढाई वेगळी. भुसावळचा मे महिना माहीत असेल त्याला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे. कूलर लावला तर आवाजात फक्त कूलर. पंखा लावला तर पानं उडतात. दोन्ही बंद केले तर बोलणारी वितळते. शेवटी पहाटे साडेचारला उठून रेकॉर्डिंग करायला लागले. भिंतींना आईच्या दोन गोधड्या लटकवल्या, घुमणारा आवाज बसला. गाड्यांचे भोंगे मात्र थांबवणं माझ्या हातात नाही, जंक्शनच आहे ते. एका टेकमध्ये मी "आता आपण रेल्वेच्या युगात आलो" म्हणाले आणि त्याच क्षणाला बाहेर मालगाडीने लांब भोंगा दिला. तो टेक ठेवला. लोकांना वाटलं मी तो आवाज वरून घातलाय.

पडद्यावर हात अण्णांचे दिसतात. माझे हात बोलताना भिरभिरतात, त्यांचे नाहीत. ठोकळा उचलायचा, ठेवायचा, हात बाहेर काढायचा. मनगटावर भट्टीने भाजल्याचे जुने डाग आहेत, ते झाकायला मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगितलं होतं. त्यांनी घातला नाही. बरं झालं.

चौदा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. पाठोपाठ माझं मत सांगणारा दुसरा, नऊ मिनिटांचा. शिकवणं वेगळं आणि परीक्षण वेगळं, ते एकाच व्हिडिओत कोंबायचं नाही हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. शिकायला आलेल्या माणसाला तुमची आवडनिवड नको असते. परीक्षणात मी ब्रासचं कौतुक केलं आणि एक दोष ठासून सांगितला: लोखंडाची फार चणचण होते. बिअरची भट्टी बांधायला लोखंड लागतं, लोखंड येतं नकाशाच्या दुसऱ्या टोकाहून, मधले कालवे पुरे होईपर्यंत निम्मं युग संपतं. पहिला अर्धा खेळ कोरडा जातो, असं मी मोठ्या अधिकाराने बोलले. पाच डाव खेळून बोलत होते. पाचही डाव तसेच गेले होते.

चार महिन्यांनी एक काम काढलं. नियमपुस्तकाचं मराठी टिपण करायचं, दोन पानी, टेबलावर सगळ्यांसमोर ठेवता येईल असं. टाइप न करता हाताने लिहायचं ठरवलं, म्हणजे सुटसुटीत राहील. एकेक वाक्य इंग्रजी वाचायचं, मराठी लिहायचं. जिथे 'करावंच लागतं' तिथे लाल पेन, जिथे 'हवं तर करा' तिथे हिरवं. कोळशाचा भाग लिहून झाला. खाली लोखंड. चित्रं जवळपास सारखी, मांडणी सारखी. मी आधीच्या ओघात 'रस्ता हवा' असं लाल पेनने लिहिलं आणि तपासायला वर बघितलं तर पुस्तकात नेमकं उलटं. लोखंडाला रस्ता लागत नाही. पटावर कुठेही, कोणाच्याही कारखान्यावर लोखंडाचा ठोकळा शिल्लक असेल तर तो घ्या. नसेल तर बाजारातून विकत घ्या. रस्त्याचा संबंधच नाही.

म्हणजे कोलब्रुकडेलच्या कारखान्यातलं लोखंड बर्टनच्या भट्टीला पहिल्या फेऱ्यांपासून मिळालं असतं. मध्ये एक हातही कालवा नसताना.

मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. ओळ तीच होती. जो दोष मी नऊ मिनिटांच्या व्हिडिओत गेमच्या माथी मारला होता तो माझा होता. कोरडा गेला होता तो माझ्या घरचा गेम, बर्मिंगहॅममधले लोक मजेत बिअर गाळत होते. आणि तो व्हिडिओ बघून अकराशे लोकांनी काय समजून घेतलं असेल, त्यातले किती जण लोखंडासाठी कालवे खणत बसले असतील, हा विचार रात्री साडेअकराला फार वाईट वाटतो.

सकाळी अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरेल असं वाटलं होतं, कारण हात त्यांचेच होते. पण ते चिडले ते गेमवर. "कोयसाले रस्ता पाहिजे आनि लोखंडले नको? लोखंड काय उडीसन येस का?"

मी पुस्तक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून चित्रं नीट बघितली आणि परत माझ्या हातात दिलं. "पुस्तकच चुकेल शे." आयुष्यभर त्यांनी दोन्ही वाहिलंय, कोळसाही आणि लोखंडही. वॅगनशिवाय काही हलत नाही हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

त्यांच्या त्या रागात मला माझ्या चुकीचं मूळ सापडलं. पुस्तक मी घाईत वाचलं हे खरं, पण घाईत सुटलेली जागा माझ्या डोक्याने रिकामी ठेवली नव्हती. तिथे त्याने व्यवहार भरला. जड वस्तू रस्त्याशिवाय येत नाही. चुकीचा नियम खऱ्या नियमापेक्षा जास्त शहाणा होता, म्हणून पाच डावांत कोणालाच शंका आली नाही. विचित्र वाटणारा नियम माणूस दोनदा वाचतो. पटणारा नियम वाचतच नाही.

त्यानंतर मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली. गेममध्ये काही खटकलं, फार संथ वाटलं, एखादी गोष्ट अजिबात उपयोगाची नाही असं वाटलं, की परीक्षणाचा कागद घेण्याआधी नियमपुस्तकाचं तेच पान काढायचं. 'अ‍ॅग्रिकोला'त याच सवयीने मला वाचवलं. उवे रोझेनबर्ग यांचा २००७ चा शेतीचा गेम, चौदा फेऱ्या, सहा सुग्या, प्रत्येक सुगीला घरातल्या माणशी दोन अन्न. कमी पडलं की भिकेचं पान, उणे तीन गुण. सुग्या सुरुवातीला लांब लांब आणि नंतर जवळ जवळ येतात: चौथ्या फेरीनंतर पहिली, मग सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या. मला ते अन्यायाचं वाटलं, म्हणून पान काढलं. नियम बरोबर होता. गेम खरोखरच तसा गळा आवळत जातो. पारोळ्याचा चुलतभाऊ कपाशी करतो, तो एक डाव खेळला आणि म्हणाला, "ताई, हे करायला मी सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे आलो होय?" ते वाक्य परीक्षणात घातलं. त्याहून नेमकं मला काही सुचलं नसतं.

एका विक्रेत्याने मध्यंतरी एक गेम फुकट पाठवला होता. व्हिडिओच्या सुरुवातीलाच फुकट मिळाल्याचं सांगितलं, गेम आवडला नाही तेही सांगितलं. पुढे त्यांचं काही आलं नाही. एवढंच.

चुकलेल्या ब्रासकडे परत येते. युट्युबवर टाकलेला व्हिडिओ त्याच जागी बदलता येत नाही. मधला तुकडा कापता येतो, पण नवा आवाज भरता येत नाही. कापून टाकावं तर लोखंडाचा नियमच नाहीसा होतो. दोन दिवस नुसते विचारात घालवले. भाऊ म्हणाला काढून टाक, कोणाला कळतंय. मी जुना काढला नाही, त्याच्या नावातच 'लोखंडाचा नियम चुकीचा, नवा बघा' असं लिहिलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा शूट केलं. परीक्षणही पुन्हा, पण आधी बरोबर नियमाने चार डाव खेळून. गेम ओळखू येत नव्हता. भट्ट्या लवकर उभ्या राहायला लागल्या, माल विकला जायला लागला, आणि चुरस लोखंडावरून उठून बिअरवर गेली. तिथे तर आणखी गंमत. आपल्या भट्टीतल्या बिअरला रस्ता लागत नाही, दुसऱ्याच्या भट्टीतली हवी तर मात्र लागतो. अण्णांनी यावर काही बोलायचं नाकारलं.

नव्या व्हिडिओत लोखंडाचा नियम आला की मी थांबते आणि अण्णांचा आवाज येतो, "लोखंड काय उडीसन येस का?" त्यावर मी म्हणते, "हो, या गेममध्ये उडून येतं." नियम समजावण्याची माझी सगळ्यात चांगली जागा तीच आहे. तो व्हिडिओ बघून आलेला माणूस बाकी काहीही विसरतो, लोखंड विसरत नाही. धुळ्याहून एक जोडपं खेळायला आलं होतं, त्यातल्या बाईंनी लोखंडाचा ठोकळा उचलताना हाताने पक्षी उडाल्यासारखी खूण केली.

एक गोष्ट मला त्या सगळ्या खटाटोपात नव्याने दिसली, ती इथे सांगून टाकते, कारण व्हिडिओत बसली नाही. गेममधल्या रेल्वे युगाची वर्षं १८३० ते १८७०. त्यातल्याच १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि खान्देशच्या कापसाला एकदम भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग आमच्या गावापर्यंत पोचला. पटावर मी कापडगिरणीची टाइल ठेवते तेव्हा तिच्यात कापूस कुठून येतो हे गेम विचारत नाही. कापसालाही रस्ता लागत नाही तिथे. अण्णांना हे सांगितलं नाही, उगाच पुन्हा भांडण.

गेल्या आखाजीला पहिल्यांदा चार माणसं जमली: अण्णा, भाऊ, चुलतभाऊ आणि भाचा. मी खेळायला नाही, शिकवायला आणि शूटिंगला. भाऊ व्हिडिओ न बघताच आला होता, चुलतभाऊ बघून. सांजोऱ्यांचं ताट पटापासून लांब ठेवायचं ठरलं. भाऊ कोरा असल्यामुळे अण्णांनी जाहीर केलं, "पहिला डाव देवाले." म्हणजे मोजायचा नाही. चुका करा, विचारा, परत घ्या.

कर्जाशी सगळे अडले. ब्रासमध्ये कर्ज म्हणजे रोख तीस पौंड, फेडायचं कधीच नाही, पण उत्पन्न तीन पायऱ्या खाली येतं आणि ते पुन्हा आपल्या कष्टाने वर न्यावं लागतं. चुलतभावाने पहिल्या दहा मिनिटांत दोनदा घेतलं. "फेडायचं नाही म्हटल्यावर काय विचार करायचा!" अण्णा जन्मभर कर्जाला घाबरलेला माणूस. घर बांधलं ते फंडाच्या पैशावर. आधीच्या प्रत्येक डावात ते बिनकर्जी राहून शेवटचे आले होते. या वेळी कालव्यांचं युग अर्ध्यावर असताना त्यांच्याकडे दोन पौंड उरले. बराच वेळ पटाकडे बघत बसले. मग एक पान टाकलं आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी तीस मोजून ठेवले. आईने दारातून बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

रेल्वेच्या युगात त्यांना कोणी धरू शकलं नाही. दोन-दोन रूळ एका चालीत टाकायचे तर पंधरा पौंड, दोन कोळसे आणि एक बिअर, हा हिशेब त्यांना बोटांवर होता. भाऊ गावांची नावं शोधत असताना ते स्टोक ते बर्मिंगहॅम जोडून मोकळे झाले होते. शेवटी गुण मोजले. अण्णा पहिले, भाचा दुसरा, दोन कर्जं घेतलेला चुलतभाऊ तिसरा.

"काका, भारी," चुलतभाऊ म्हणाला, "पण हा तर देवाचा होता ना?"

अण्णांनी सांजोरी तोडली, अर्धी भाच्याच्या हातावर ठेवली आणि वर टांगलेल्या फोनकडे बघून म्हणाले, "हाऊ डाव मोजना पडी."

फोन त्याच्या आधी वीस मिनिटं जागा भरून बंद पडला होता.